कोशिकापृष्ठीय ग्राही एंझाइमे

कोशिकापृष्ठीय ग्राही एंझाइमे : कोशिकेच्या (पेशीच्या) बाह्य पटलात रुतून बसलेली, विशिष्ट रासायनिक विक्रिया घडवून आणणारी आणि त्याचबरोबर बाहेरून आलेला विशिष्ट रेणू ओळखून त्याला धरून ठेवणारी प्रथिने. बाहेरून येणारा रेणू बहुधा पेप्टाइड (ॲमिनो अम्लांची लहान साखळी) असतो; परंतु तो सूक्ष्मजंतूचे विष किंवा व्हायरसाच्या कवचावरील प्रथिनही असू शकतो. या प्रथिनांचा अभ्यास मुख्यतः वैद्यकाच्या अंगाने झाला असला, तरी वऱ्हाडातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व त्याहून कमी नाही. बीटी कापसातील विष ज्याला जाऊन चिकटते त्या बोंडअळीच्या आतड्यातील ग्राहींपैकी दोन ही अशीच एंझाइमे आहेत.

एंझाइम व ग्राही या दोन संकल्पना फार काळ वेगळ्या मानल्या गेल्या. एमील फिशर यांनी १८९४ मध्ये एंझाइम आणि ज्यावर ते काम करते तो पदार्थ यांचा संबंध कुलूप आणि किल्ली यांच्यासारखा असल्याचे सांगितले. पुढे पॉल एर्लिख यांनी विषे व औषधे यांच्या संदर्भात आणि जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये स्नायूंवरील प्रयोगांवरून, कोशिकेत बाहेरचा पदार्थ ‘ग्रहण करणारा’ एखादा घटक असला पाहिजे, असा विचार मांडला. दोन्हीकडे नेमकेपणाने जुळणे हीच मूळ कल्पना होती. फरक आहे तो पुढे काय होते यात. एंझाइमाला चिकटलेला पदार्थ बदलून बाहेर पडतो व एंझाइम होते तसेच राहते. ग्राहीच्या बाबतीत उलट घडते. चिकटलेला रेणू बहुधा तसाच राहतो, ग्राहीचा आकार बदलतो आणि त्या बदलाची वार्ता कोशिकेच्या आत पोहोचते. एकच प्रथिन ही दोन्ही कामे करू शकते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू लक्षात आले. [⟶ एंझाइमे, प्रथिने, हॉर्मोने].

आतील बाजूस एंझाइम असलेले ग्राही : या प्रकारात रेणू कोशिकापटलाच्या आरपार गेलेला असतो. त्याचा बाहेरचा भाग पेप्टाइड ओळखतो व आतला भाग एंझाइम म्हणून काम करतो. इन्शुलिनाचा ग्राही हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यात बाहेरच्या बाजूस दोन व पटलातून आत शिरलेले दोन असे चार घटक असतात. इन्शुलीन बाहेर चिकटले की आतील भाग टायरोसीन या ॲमिनो अम्लावर फॉस्फेट गट जोडू लागतो आणि त्यातून निघालेल्या विक्रियांच्या साखळीमुळे स्नायू व चरबी यांच्या कोशिका रक्तातील ग्लुकोज आत घेतात. हा ग्राही स्वतःच एंझाइम असल्याचे १९८२ मध्ये स्पष्ट झाले. त्याआधी स्टॅन्ली कोएन यांनी शोधलेल्या बाह्यत्वचा-वृद्धिकारक पेप्टाइडाच्या ग्राहीविषयी हेच दिसून आले होते. कोएन यांना १९८६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रीटा लेव्ही-माँताल्चीनी यांच्याबरोबर मिळाले.

दुसरा गट ग्वानिलिल सायक्लेज या एंझाइमांचा आहे. हृदयाच्या अलिंदातून (वरच्या कप्प्यातून) स्रवणारे पेप्टाइड रक्तदाब वाढला की बाहेर पडते आणि वृक्कातून (मूत्रपिंडातून) लवण व पाणी बाहेर टाकण्यास लावते. त्याचा ग्राही या गटातील आहे. याच गटातील ‘ग्वानिलिल सायक्लेज सी’ हे एंझाइम आतड्याच्या अस्तराच्या कोशिकांवर असते. ग्वानिलीन व युरोग्वानिलीन ही शरीरातीलच दोन पेप्टाइडे त्याला चिकटून आतड्यातील पाणी व लवणे यांचा समतोल राखतात. एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या काही जाती जवळजवळ तसेच, परंतु अधिक घट्ट चिकटणारे, उष्णतेने नाश न पावणारे पेप्टाइड तयार करतात. आतड्याची कोशिका फसते, एंझाइम अखंड चालू राहते, क्लोराइड व त्यामागोमाग पाणी आतड्याच्या पोकळीत लोटले जाते आणि अतिसार होतो. लहान मुलांच्या पावसाळी हगवणीचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. बंगलोर (बंगळूरू) येथील भारतीय विज्ञान संस्थेत या एंझाइमावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. एका नॉर्वेजियन कुटुंबात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या अतिसाराचे मूळ याच एंझाइमाच्या जीनमधील (आनुवंशिक लक्षणाच्या एककामधील) उत्परिवर्तनात असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे सूक्ष्मजंतूचे काहीच कारण नव्हते. कुलूपच बिघडलेले होते.

बाहेरील बाजूस एंझाइम असलेले ग्राही : या प्रकारात एंझाइमाचा कार्यकारी भाग कोशिकेच्या बाहेरच्या बाजूस असतो. पेप्टाइडांचे तुकडे करणारी पेप्टिडेज एंझाइमे यात प्रामुख्याने मोडतात. त्यांचे नेहमीचे काम रक्तात वा आतड्यात फिरणारी पेप्टाइडे तोडण्याचे. संदेश पोहोचला की संदेशवाहक नाहीसा झाला पाहिजे, नाहीतर संदेश थांबणारच नाही. ते काम ही एंझाइमे करतात. उदा., डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४ हे एंझाइम जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या व इन्शुलिनाचा स्राव वाढविणाऱ्या पेप्टाइडाचा काही मिनिटांतच नाश करते. मधुमेहावरील ‘ग्लिप्टीन’ गटाची औषधे याच एंझाइमाला अडवितात व त्या पेप्टाइडाचे आयुष्य वाढवितात.

परंतु ही तोडणारी एंझाइमे स्वतः ग्राही म्हणूनही काम करतात का, हा प्रश्न अँजिओटेन्सीन-४ या सहा ॲमिनो अम्लांच्या पेप्टाइडामुळे पुढे आला. रक्तदाब वाढविणाऱ्या अँजिओटेन्सीन-२ चाच हा उरलेला तुकडा असल्याने तो निरुपयोगी समजला जाई. प्रयोगशाळेतील उंदरांच्या स्मरणशक्तीवर त्याचा अनुकूल परिणाम दिसू लागल्यावर त्याच्या ग्राहीचा शोध सुरू झाला. मेंदूत त्याला घट्ट चिकटणारी जागा सापडली व तिला स्वतंत्र ग्राहीचे नावही देण्यात आले. मेलबर्न येथील संशोधकांनी २००१ मध्ये हे प्रथिन अलग केले, तेव्हा तो नेहमीच्या अर्थाचा ग्राही नसून इन्शुलीन-नियंत्रित ॲमिनोपेप्टिडेज हे आधीच माहीत असलेले एंझाइम निघाले. गर्भारपणात रक्तातील ऑक्सिटोसीन तोडणारे एंझाइम ते हेच. अँजिओटेन्सीन-४ त्याच्या कार्यकारी भागात अडकून बसते व त्याचे काम बंद पाडते. त्यामुळे जी इतर पेप्टाइडे तुटली असती ती टिकून राहतात व परिणाम दिसतो, असे एक स्पष्टीकरण आहे. एंझाइमाचा कोशिकेच्या आतला भागही काही संदेश पोहोचवितो, असे दुसरे आहे. पहिले स्पष्टीकरण खरे असेल, तर येथे ‘ग्राही’ हा शब्द सैलपणानेच वापरला जातो असे म्हणावे लागेल. संदेश आत जातो हे दाखविल्याशिवाय केवळ घट्ट चिकटण्यावरून एखाद्या एंझाइमाला ग्राही म्हणणे योग्य नाही, हा आक्षेप या क्षेत्रात वारंवार घेतला जातो व तो रास्त आहे.

व्हायरसांना मात्र या काटेकोरपणाशी कर्तव्य नसते. त्यांना कोशिकेत शिरण्यासाठी धरावयास एक ठाम खुंटी हवी असते. कोशिकेच्या पृष्ठावर विपुल असलेली ही पेप्टिडेज एंझाइमे त्यांना सोयीची पडतात. सर्दी उत्पन्न करणाऱ्या एका मानवी करोना व्हायरसाची व डुकरांच्या जठरांत्रशोथाच्या व्हायरसाची खुंटी ॲमिनोपेप्टिडेज एन ही असल्याचे १९९२ मध्ये कळले. सार्स व्हायरसाची खुंटी अँजिओटेन्सीन रूपांतरक एंझाइम-२ असल्याचे २००३ मध्ये व मध्यपूर्वेतील करोना व्हायरसाची डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४ असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या कोविड-१९ च्या व्हायरसानेही अँजिओटेन्सीन रूपांतरक एंझाइम-२ याचाच आधार घेतला. यातील बहुतेक ठिकाणी व्हायरस एंझाइमाच्या कार्यकारी भागाला चिकटत नाही, तर त्याच्या पाठीला अथवा बाजूला चिकटतो. एंझाइमाचे रासायनिक काम व त्याचे ‘धरले जाणे’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

बोंडअळीचे मध्यांत्र : ॲमिनोपेप्टिडेज एन हेच एंझाइम पतंगवर्गीय कीटकांच्या अळ्यांच्या मध्यांत्रात (आतड्याच्या मधल्या भागात) विपुल असते. अन्नातील प्रथिनांपासून झालेल्या पेप्टाइडांच्या टोकाची ॲमिनो अम्ले एकेक करून सुटी करणे हे त्याचे काम. त्याच्या कार्यकारी भागात जस्ताचा अणू असतो. हे एंझाइम पटलाच्या आरपार न जाता, शर्करा व लिपिड यांच्या बनलेल्या एका लहानशा नांगराने कोशिकेच्या पृष्ठाला बांधलेले असते. याच्याच शेजारी क्षारीय फॉस्फेटेज हे दुसरे एंझाइमही तशाच नांगराने बांधलेले असते. या दोघांना ग्राही म्हणून महत्त्व आले ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्मजंतूमुळे.

जमिनीत सर्वत्र आढळणारा हा सूक्ष्मजंतू शिगेताने इशिवाता यांना जपानात १९०१ मध्ये मरणाऱ्या रेशीम किड्यांत आढळला. एर्न्स्ट बर्लिनर यांनी १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात पिठातील पतंगाच्या अळ्यांतून तो पुन्हा वेगळा केला व त्या प्रांतावरून त्याला नाव दिले. बीजुके तयार होताना त्याच्या कोशिकेत प्रथिनाचा स्फटिक बनतो. अळीने हा स्फटिक खाल्ला की तिच्या मध्यांत्रातील तीव्र क्षारीय रसात तो विरघळतो व अळीचीच पाचक एंझाइमे त्याच्या मोठ्या प्रथिनाचा (रेणुभार सु. १,३०,००० डाल्टन) जवळजवळ निम्मा भाग छाटून टाकतात. उरलेला सु. ६०,००० ते ६५,००० डाल्टन रेणुभाराचा भाग म्हणजे क्रियाशील विष. विषाला विष बनविण्याचे काम अळीकडूनच करवून घेतले जाते. या विषाच्या रेणूचे तीन विभाग असतात. पहिला विभाग पटलात छिद्र पाडतो, तर दुसरा व तिसरा ग्राही ओळखतात.

विष विशिष्ट ठिकाणीच चिकटते हे १९८८ मध्ये बेल्जियमातील व इतर संशोधकांनी मध्यांत्राच्या पटलापासून बनविलेल्या सूक्ष्म पिशव्यांवर दाखविले. चिकटण्याची जागा कोणती, याचा शोध घेताना १९९४ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी मँड्यूका सेक्स्टा या तंबाखूवरील अमेरिकन अळीच्या मध्यांत्रातून सु. १,२०,००० डाल्टन रेणुभाराचे प्रथिन अलग केले. ते ॲमिनोपेप्टिडेज एन निघाले. क्राय १एसी हे विष या एंझाइमावरील एका शर्करेला (एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन) धरून चिकटते. ती शर्करा मोकळी मिसळली असता चिकटणे कमी होते. २००२ मध्ये याच अळीचा ॲमिनोपेप्टिडेजाचा जीन फळमाशीत घालण्यात आला, तेव्हा या विषाला एरवी मुळीच दाद न देणारी फळमाशी त्याने मरू लागली. त्याच वर्षी नवी दिल्ली येथील आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांनी उलट दिशेने प्रयोग केला. तंबाखू, सोयाबीन इ. पिकांची पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा लिट्युरा या अळीतील ॲमिनोपेप्टिडेजाचा जीन त्यांनी दुहेरी धाग्याच्या आरएनएच्या साहाय्याने मुका केला, तेव्हा अळीवर क्राय १सी या विषाचा परिणाम पुष्कळच कमी झाला. एका प्रयोगात ग्राही देऊन विष लागू पडले व दुसऱ्यात ग्राही काढून घेतल्याने ते निष्प्रभ झाले. एंझाइम हेच ग्राही आहे याचा यापेक्षा सरळ पुरावा देणे कठीण.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या क्रमानुसार क्रियाशील विष प्रथम विपुल असलेल्या ॲमिनोपेप्टिडेजाला व क्षारीय फॉस्फेटेजाला सैल चिकटते व त्यामुळे पटलाजवळ त्याचा साठा होतो. तेथून ते कॅडेरीन या, एंझाइम नसलेल्या, आरपार प्रथिनाकडे जाते. त्याला चिकटल्यावर विषाच्या पहिल्या विभागाच्या टोकाचा लहान तुकडा गळून पडतो आणि अनेक विषरेणू एकत्र येऊन जुडगा होतो. हा जुडगा पुन्हा ॲमिनोपेप्टिडेज व फॉस्फेटेज यांना, या वेळी घट्ट, चिकटतो व पटलात घुसतो. छिद्रातून आयन व पाणी आत शिरून कोशिका फुगते व फुटते. अळी काही तासांतच खाणे सोडते व पुढे मरते. २०१० मध्ये पटलातून पदार्थ वाहून नेणारे एबीसीसी-२ हे आणखी एक प्रथिन या मालिकेत सामील झाले आणि छिद्र प्रत्यक्षात पाडण्यात त्याचा वाटा मोठा असावा असे दिसते. कॅडेरिनाला विष चिकटल्यावर कोशिकेच्या आत संदेशांची साखळी सुरू होऊन कोशिका मरते, असेही एक मत आहे. त्याला पाठिंबा थोडा आहे. काही पतंगांत एकटे ॲमिनोपेप्टिडेज काढून टाकले तरी विष लागू पडत राहते. हे एंझाइम एका कीटकात अनेक रूपांनी असते व एकाची जागा दुसरे घेऊ शकते, हे त्याचे कारण असण्याचा संभव आहे.

माणसाच्या आतड्यातही ॲमिनोपेप्टिडेज एन असते, मग हे विष माणसाला का बाधत नाही, असा प्रश्न वऱ्हाडातील शेतकरी मेळाव्यांतही विचारला जातो. माणसाच्या जठरातील रस अम्लीय असल्याने हे प्रथिन तेथे इतर प्रथिनांसारखे पचते; मानवी एंझाइमाची घडण व त्यावरील शर्करा वेगळ्या आहेत; आणि कीटकातील कॅडेरिनासारखी जागा मानवी आतड्यात नाही.

वऱ्हाडातील कापूस : अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांची काळी जमीन, मुख्यतः पावसावरची शेती आणि अकोट, दर्यापूर, खामगाव, धामणगाव यांसारख्या बाजारपेठांतील सरकी काढण्याचे कारखाने यांमुळे हा प्रदेश दीड शतकाहून अधिक काळ कापसाचा म्हणून ओळखला जातो. अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला मूळच्या अमरावती जिल्ह्यातील व १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री असलेल्या पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपूर येथे आहे.

कापसावर येथे तीन बोंडअळ्या प्रमुख आहेत : ठिपक्यांची, अमेरिकन (हरभऱ्यावर हिलाच घाटेअळी म्हणतात) व गुलाबी. यातील गुलाबी बोंडअळीचे वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्झ यांनी १८४३ मध्ये भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून केले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन बोंडअळी बहुतेक कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली. या पार्श्वभूमीवर २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या समितीने क्राय १एसी विषाचा जीन असलेल्या, जालना येथील महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. क्राय १एसीच्या जोडीला क्राय २एबी असलेली दुहेरी वाणे २००६ पासून आली आणि थोड्याच वर्षांत वऱ्हाडातील बहुतेक कापूस बीटी झाला. अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या झपाट्याने घटल्या, हे बीटी कापसाच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते.

ग्राहीतील बदल व प्रतिरोध : विषाविरुद्ध टिकून राहण्याचा अळीला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ग्राही बदलणे अथवा नाहीसा करणे. विष जसेच्या तसे राहते, पण त्याला धरावयास जागा नसल्याने ते इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय १एसीला जुमानत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिरोधी अळ्यांच्या कॅडेरिनाच्या जीनमध्ये अनेक निरनिराळी उत्परिवर्तने असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच अळीतून सुरू झालेला बदल सर्वत्र पसरला नव्हता. ठिकठिकाणी तो वेगवेगळ्या प्रकारे उद्भवला होता. दुहेरी वाणातील क्राय २एबी या विषाची चिकटण्याची जागा वेगळी असल्याने एकाविरुद्धचा प्रतिरोध दुसऱ्याला लागू होणार नाही, अशी अपेक्षा होती. ती तत्त्वतः बरोबरही होती. परंतु एक विष आधीच निकामी झाले असल्याने दुसऱ्यावर सगळा भार पडला. एबीसीए-२ या वाहक प्रथिनाच्या जीनमधील बिघाडाने अळीने तेही ओलांडले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे गुलाबी बोंडअळीने अतोनात नुकसान केले. बाहेरून धड दिसणारे बोंड फोडल्यावर आत किडकी सरकी व डागाळलेला, न उमललेला कापूस (कवडी) निघे.

अमेरिकन बोंडअळी मात्र त्या मानाने बीटीला बळी पडत राहिली. प्रयोगशाळेत निवड करून तिच्यातही ॲमिनोपेप्टिडेजाच्या जीनमध्ये बदल असलेली प्रतिरोधी अळी मिळाली असल्याचे २००९ मध्ये चीनमधील संशोधकांनी दाखविले होते. तेव्हा ती बदलू शकत नाही असे नव्हे. फरक दोघींच्या आहारात आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो इ. कितीतरी पिकांवर जगते. वऱ्हाडात कापसात तुरीचे तास पेरण्याची जुनी पद्धत आहे आणि रब्बीत हरभरा असतोच. तेथे बीटी विषाशी गाठच न पडलेल्या पतंगांची पैदास होत राहते व त्यांचा प्रतिरोधी पतंगांशी संकर होऊन प्रतिरोध विरळ होत जातो. गुलाबी बोंडअळी येथे जवळजवळ केवळ कापसावर जगते आणि कापूस सर्व बीटी. तिला असा आश्रय मिळावा म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर बिगर-बीटी कापसाचे १२० ग्रॅम बियाणे देऊन ते कडेने पेरण्यास सांगितले जाई. ती पुडी बहुधा बांधावर वा घरातच पडून राही. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु चार-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतात काही ओळी अळीसाठी सोडून देणे म्हणजे काय, याचा विचार हा नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. पुढे दोन्ही बियाणी एकत्र मिसळून देण्याची पद्धत आली.

याहून एक सूक्ष्म कारण संकरित वाणांत आहे. इतर अनेक देशांत बीटी कापसाची सरळ वाणे लावतात, भारतात मात्र संकरित. विषाचा जीन एकाच जनकाकडून आलेला असल्याने झाडाच्या प्रत्येक कोशिकेत विष असते. पण त्या झाडाच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असल्यामुळे तिच्यात मेंडेल यांच्या नियमानुसार विभाजन होते. एकच जीन असेल, तर चारांतील एका सरकीत विष नसते. दोन स्वतंत्र जीन असतील, तर सोळांपैकी नवांत दोन्ही विषे, तिहींत एक, तिहींत दुसरे व एकीत एकही नाही असे सरासरी प्रमाण पडते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. तिला एकाच बोंडात विषारी, अर्धविषारी व निर्विष असे सर्व प्रकारचे अन्न मिळते आणि अर्धवट प्रतिरोध असलेली अळीही तगून जाते. शिवाय पीक जुने होत जाते तसे त्यातील विषाचे प्रमाण घटते व बोंडाच्या सालीत ते पानांपेक्षा कमी असते, हे नागपूर येथील संस्थेतील संशोधनाने २००५ मध्ये दाखविले. वेचणी संपल्यावर पाणी देऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखण्याची फरदडीची पद्धत म्हणजे याच काळात अळीला आणखी एक-दोन पिढ्या बहाल करणे होय.

बीटीचा परिणाम घटला की फवारणी वाढते आणि येथे कोशिकापृष्ठालगतचे आणखी एक एंझाइम या कथेत येते. ॲसिटिलकोलीन एस्टरेज हे एंझाइम तंत्रिका (मज्जातंतू) व स्नायू यांच्या संधीवर बसलेले असते व तंत्रिकेकडून आलेल्या ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाचा क्षणार्धात नाश करते. ते ग्राही नव्हे, तर ग्राहीला मोकळे करणारे एंझाइम आहे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके त्याला कायमची जखडतात, संदेश थांबत नाही व कीटक आचके देऊन मरतो. बीटी विषाला माणसाच्या आतड्यात ग्राही सापडत नाही; हे एंझाइम मात्र माणसात व कीटकात सारखेच काम करते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीची झाली होती व फवारा तोंडावर येई. वापरलेली औषधे एकाच प्रकारची नव्हती, त्यांची मिश्रणेही होती. परंतु ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील औषधे त्यांत होती. अशा विषबाधेवर ॲट्रोपीन देऊन ॲसिटिलकोलिनाचा ग्राही झाकला जातो आणि प्रॅलिडॉक्सीम लवकर दिल्यास एंझाइमाची सुटका करता येते. ॲट्रोपीन एंझाइमाला मोकळे करीत नाही, म्हणून रोग्याला पुष्कळ तास देखरेखीखाली ठेवावे लागते.

नियंत्रणाचे उपाय : ग्राही गमावलेल्या अळीविरुद्ध तेच विष अधिक प्रमाणात देऊन उपयोग नसतो. म्हणून अकोल्याचे कृषी विद्यापीठ व नागपूरची संस्था यांच्या शिफारशींत बीटीबाहेरील उपायांवर भर आहे. कमी मुदतीचे वाण घेणे, हंगामपूर्व पेरणी टाळणे, डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाटी शेतातून काढून टाकणे, फरदड न घेणे, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या तोडून नष्ट करणे आणि सरकीच्या कारखान्यांच्या आवारात सापळे लावणे हे त्यांपैकी मुख्य होत. सरकीत सुप्तावस्थेत राहिलेली अळी कारखान्यातूनच पुढच्या हंगामात आसपासच्या शेतात पोहोचते. कामगंध सापळ्यांत वापरले जाणारे गॉसिप्ल्युअर हे द्रव्य मादी पतंगाचा वास असून ते १९७३ मध्ये ओळखले गेले. तेही एका ग्राहीलाच, नराच्या शृंगिकेवरील गंधग्राहीला, फसविते. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचाही वापर करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बीटी कापूस, वंध्य पतंग सोडणे, कामगंधाचा वापर आणि पिकाचे अवशेष नष्ट करणे यांची सांगड घालून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित करण्यात आले. तेथे हे उपाय मोठ्या सलग क्षेत्रावर, उत्पादकांच्या सहभागाने एकाच वेळी अमलात आणले गेले होते. वऱ्हाडात लहान लहान धारणांवर एका शेतकऱ्याची पऱ्हाटी उभी राहिली, तर शेजाऱ्याने केलेली साफसफाई वाया जाते.

संशोधनाच्या बाजूने, विषाच्या रेणूच्या टोकाचा तुकडा आधीच छाटून त्याला कॅडेरिनाची गरजच पडू नये अशी रूपे मेक्सिकोतील व अमेरिकेतील प्रयोगशाळांत तयार करण्यात आली आहेत. ती कॅडेरीन बदललेल्या गुलाबी बोंडअळ्यांनाही मारतात. ॲमिनोपेप्टिडेज व क्षारीय फॉस्फेटेज या दोन एंझाइमांना चिकटण्याची त्यांची क्षमता मात्र शाबूत ठेवावी लागते.